तुमची रिकामी किटली

तात्या, तुमच्या दहाव्याला जिलेबी होती.

पत्रावळीवर, पिंडांच्या शेजारी, पाकाने चकाकत. भोवती पेढा, बुंदीचा लाडू, दोन कांदाभजी आणि पेल्यात घट्ट गोड चहा. मांडणी तुमच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची. "माझ्या भावाला जिलबी म्हंजी जीव की प्राण," असं म्हणत त्या पदराने माश्या वारत होत्या. मी घाटावर गर्दीच्या मागे उभा होतो. अशा वेळी हसू येऊ नये, पण खरं सांगतो, आलं. सात-आठ वर्षं जिच्याकडे तुम्ही मान वळवून पाहिलं नाहीत, ती थेट समोर येऊन बसली होती आणि तुम्हाला नको म्हणायची सोय नव्हती.

अक्कांचं काही चुकलं नाही. त्यांना आठवत होता तो भाऊ लग्नाच्या पंगतीत वाढप्याला तीनतीनदा हाक मारणारा. मला भेटलेले तुम्ही निराळे. खिशात फुटाण्यांची पुडी ठेवून लग्नाला जाणारे, आणि यजमान ताट घेऊन समोर आला की गालाला हात लावून "दाढ ठणकतीया ओ" अशी थाप मारणारे.

घाटावर बऱ्याच पाहुण्यांना मी कोण ते कळत नव्हतं. तुमच्या मुलाने, राजेंद्रने, ओळख करून दिली, "हे कंट्रोलर काका. तात्यांचं चालायचं जोडीदार." लोकांनी माना हलवल्या, पण हे नातं कुठे बसवायचं ते कुणाला समजलं नसावं. मी सोयरा नाही, भावकीतला नाही, जातीचाही नाही. बारामतीच्या स्टँडवर केबिनमध्ये बसून आयुष्यभर एस.टी.च्या गाड्या सोडल्या. गाव माझं इंदापूर तालुक्यातलं वरकुटे, पण बायको पणदऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून घर इथेच बांधलं. गाव तिला नर्सबाई म्हणतं आणि मला कंट्रोलर. माझं खरं नाव तुम्हाला तरी माहीत होतं का, याची मला आजही शंका आहे.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. तुम्हाला अग्नी देऊन परत निघताना तुमच्या भावकीतला एक जण चपला घालता घालता म्हणाला, "काय मिळालं एवढं चालून? तोंड बांधून जगला आन शेवटी गेलाच. खाऊन-पिऊन तरी गेला असता." बाकीच्यांनी हं हं केलं. मी स्टँडवर प्रवाशांशी, ड्रायव्हरांशी, साहेबांशी भांडण्यात जन्म काढलेला माणूस, पण त्या दिवशी मी मान खाली घालून नुसत्या चपला शोधत राहिलो. घरी आलो तर तोच प्रश्न मलाही पडला. खरंच, काय मिळालं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बूट खाटेखाली सरकवून दिले. नर्सबाई एक-दोनदा "जरा पाय मोकळे करून या" म्हणाल्या. एकदा मी साखर घालून चहा मागितला. त्यांनी निमूट करून दिला आणि समोर बसून माझ्याकडे असं पाहिलं की तो कप तसाच गार झाला.

तात्या, तुम्ही असतात तर मला शिव्या घातल्या असत्या. तुम्ही नाही, म्हणून मीच सगळं पहिल्यापासून आठवून बघतोय.

आपली जोडी जमली ती एका उपासामुळे. बारामतीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आपण एका बाकावर शेजारी बसलो होतो. तोवर गावात नुसती तोंडओळख. माझी तपासणी पोटामुळे. केबिनच्या दारातून आधी पोट बाहेर येतं आणि मग कंट्रोलर, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे मी वैतागलेलो. तुम्ही मात्र चांगले तरतरीत. आतल्या मुलीने सुई हातात घेऊन विचारलं, "आजोबा, उपाशी आलाय ना?"

"व्हय की. कडक उपास हाय."

"काहीच खाल्लं नाही?"

"न्हाय. साबुदान्याची खिचडी तेवढी खाल्ली. दोन केळी, आन शेंगदान्याचा लाडू. दुसरं काय बी न्हाय."

राजेंद्रने फोनवर "उपाशी पोटी जायचं" म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही त्याचा उपास केला होता. ती मुलगी तोंडाला रुमाल लावून मागे वळली. मला तर उठून बाहेर जावं लागलं. तुम्ही रागावला नाहीत. बाहेर येऊन माझ्याशेजारी उभे राहिलात आणि गंभीरपणे विचारलंत, "खायाचंच न्हाय, तर मग त्याला उपास कशाला म्हनायचं?" मी बौद्ध घरातला माणूस, खिचडीवर मत द्यायचा मला काय अधिकार, तरी दिलं. दुसऱ्या दिवशी मीच तुम्हाला पुन्हा घेऊन गेलो, खरोखर उपाशी. आकडा बघून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले.

"काका, साखर कंट्रोलमध्ये ठेवावी लागेल."

तुम्ही माझ्याकडे अंगठा केलात. "कंट्रोलर संगंच आनलाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तुमच्या डाव्या पायाचा अंगठा पाहिला. चपलेने लागलेली जखम, तुम्ही हळद भरून ठेवलेली आणि कितीतरी दिवस न सुकलेली. हे असंच राहिलं तर बोट काढावं लागेल, ते म्हणाले, आणि बोटावर भागलं तर नशीब समजा. परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. पणदरे यायच्या जरा आधी म्हणालात, "कंट्रोलर, मला माझ्या पायानं जायचंय." मला वाटलं, फाट्यावरून घरी जायचं म्हणताय. मी म्हणालो, जाऊ की, घाई काय आहे.

जखम भरेपर्यंत नर्सबाई रोज तुमची पट्टी बदलायला येत होत्या. ती भरली तेव्हा चालायची गोष्ट निघाली आणि तुम्हाला केवढा अपमान वाटला! "आमी शेतकरी मानसं. आमी काय दिवसभर लोळतो व्हय?" पण खरी परिस्थिती काय होती? विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू व्हायची आणि बांधापर्यंत तुम्ही मोटारसायकल नेत होतात. माझं तर विचारूच नका. जन्मभर दुसऱ्यांना "चला, चला, गाडी सुटते" म्हणत मी खुर्चीतून हललो नव्हतो. शेवटी कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं आपलं ठरलं.

पण आपल्या गावात विनाकारण चालता येत नाही. समोरून येणारा पहिला माणूस विचारतो, "कुठं निघाला?" आणि त्याला काहीतरी ठिकाण सांगावं लागतं. मी म्हणालो, खरं सांगा की, चालायला चाललोय म्हणून. तुम्ही रस्त्यातच थांबलात. "चालाया चाललोय? हे काय वाक्य हाय का? म्हंजी झोपाया झोपलोय आन जेवाया जेवलोय! लोक म्हनतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." दुसऱ्या सकाळी तुम्ही दुधाची किटली घेऊन हजर. ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली, कडी वाजणारी, आत दुधाचा टिपूस नाही. कुणी विचारलं की किटली वर करायची आणि म्हणायचं, "डेअरीला." डेअरी उलट्या बाजूला होती, पण तेवढं कुणी विचारत नव्हतं.

त्याहून मोठं संकट मोटारसायकलींचं. म्हाताऱ्याला पायी जाताना बघून तसाच पुढे जाईल असा माणूस आपल्याकडे जन्मला नाही. "बसा तात्या, सोडतो." नको म्हटलं तर त्याला वाईट वाटणार, आणि कुणाला वाईट वाटलेलं तुम्हाला सोसत नसे. मग तुम्ही किटली मांडीवर घेऊन मागे बसायचात आणि मी एकटा चालायचो. पुलावर पोहोचलो की तुम्ही तिथे ओशाळं तोंड करून उभे. "काय करनार, सोडंचना त्यो." एकदा एकाने तुम्हाला चांगुलपणाने थेट डेअरीच्या दारात नेऊन सोडलं. तिथे रिकामी किटली घेऊन तुम्ही रांगेत उभे राहिलात, नंबर आल्यावर काहीतरी पुटपुटून निघालात आणि घरापर्यंत चालत आलात. सगळ्या महिन्यात तुमचं तेवढंच चालणं पुरं झालं होतं.

खाण्याचं आणखी अवघड. तुम्ही कारखान्याचे सभासद, दिवाळीला सभासदांची साखर घरी यायची. त्या पोत्याकडे तुम्ही रुसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचात. "ऊस आमी लावायचा आन साखर दुसऱ्यानं खायाची. कुठला न्याय म्हनायचा ह्यो?" आपल्या भागात साखर किती निघाली असं कुणी विचारलं, तर कारखान्यात की रक्तात ते आधी बघावं लागतं, यावर आपण किती हसलो! मग तुम्ही साखर सोडली आणि गुळावर आलात. गूळ म्हणजे साखर नव्हे, तो औषधी, यावर तुमचा ठाम विश्वास. गुऱ्हाळावर जाऊन गरम गूळ खाऊन यायचात आणि मला छातीवर हात ठेवून सांगायचात की साखरेचा कण तोंडात गेला नाही. पुढच्या तपासणीत आकडा उसळला तेव्हा डॉक्टरांच्या आधी मी ओरडलो. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी किटली वाजवत दारात आलात आणि म्हणालात, "गूळ बी गेला. आता काय राह्यलंय ते सांगा, म्हंजी एकदाच सोडतो."

राहिलं बरंच काही, तात्या. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, मेथी, ताक, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, तुमच्या सूनबाईच्या हातचा खर्डा. तिला सुरुवातीला वाटलं, म्हाताऱ्याला तिच्या हातचं आवडेनासं झालं. तुम्ही बारीक झालात तसे पाहुणे राजेंद्रला बाजूला घेऊन विचारायला लागले, वडिलांकडे नीट बघता ना? आपल्याकडे माणूस सुटला की सुखात आहे आणि उतरला की पोरं बघत नाहीत. राजेंद्रने हे सगळं हसून सोसलं. मग डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, मांड्यांत ताकद पाहिजे. झालं, आपण पुलाच्या कठड्याला धरून उठाबशा काढायला लागलो. शाळेला निघालेल्या पोरी सायकली थांबवून बघायच्या. एकीने विचारलंच, "आजोबा, काय चुकलं ओ तुमचं?" तुम्ही खाली बसल्या बसल्या म्हणालात, "लई जिलब्या खाल्ल्या बाय."

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला कधी बोललो नाही.

एका बुद्ध पौर्णिमेला मी तुम्हाला वरकुट्याला माझ्या बहिणीकडे नेलं होतं. ताईने खीर केली होती. पाहुणा पणदऱ्याचा, मोठा बागायतदार, म्हणून काजू-बदाम घालून, नवी वाटी काढून. तिने वाटी तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "नको बाय. मला चालत न्हाय."

तेवढेच शब्द. ताईचा चेहरा उतरला. तुम्हाला कळलं नाही, मला कळलं. आमच्या आईच्या काळात आमच्या उंबऱ्यावर उभे राहून लोक हेच बोलायचे. शिवी देऊन नाही, हात जोडून, कधी कधी अगदी मायेने. "आमाला तुमच्यातलं चालत न्हाय." पाणीसुद्धा चालत नसे. ताईने वाटी उचलली आणि आत निघाली. मी डायबिटीसचं सांगायला तोंड उघडलं, तोवर ती आतल्या दारापर्यंत पोचली होती. तुम्ही तिच्या पाठीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि मग तुमच्या लक्षात आलं. तात्या, तुमचा तेव्हाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांकडे आकडा ऐकूनही तुम्ही इतके घाबरला नव्हतात.

"ताई!" तुम्ही केवढ्याने ओरडलात. "अगं मला साखर हाय. रक्तात. ग्वाड तेवढं चालत न्हाय, बाकी समदं चालतंय. भाकर हाय का? आन कालवण काय आसंल ते आन. मला भूक लागलीया."

ताई दारात थांबली. मग चूल पेटली. तव्यावरची भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा. तुम्ही खाली मांडी घालून बसलात आणि जेवलात. एका भाकरीवर उठणारा माणूस तिसरी मोडत होता आणि मी कंट्रोलर असून गप्प होतो. ताई वाढत होती आणि पदराने डोळे पुसत होती, धुराचं निमित्त करून. शेवटी तुम्ही ती खिरीची वाटी मागून घेतलीत, एक चमचा तोंडात घातलात आणि म्हणालात, "एवढी चालती." निघताना ठेचा डब्यात बांधून घेतलात. गाडीत बसल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "उद्या जरा जास्ती चालावं लागल." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर किती सकाळी आपण बरोबर चाललो. उसाच्या भावापासून नातीच्या ॲडमिशनपर्यंत सगळं बोललो. पण तात्या, त्या दिवशी तुम्ही पथ्य मोडलंत त्याने माझ्या बहिणीचं घर उजळलं, हे मला एकदाही म्हणता आलं नाही. आज म्हणतो. ताई फोन आला की आधी विचारायची, "तुमचं बिनसाखरेचं पाव्हणं कसं हायेत?" तुम्ही गेल्याचं मीच तिला कळवलं. ती म्हणाली, "खिरीची वाटी ठेवलीय मी त्यांची. कुनाला देत न्हाय ती."

आणि आपलं ते भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही म्हणायचात, चालल्याने आयुष्य वाढतं, रोजच्या चालण्यानं आपण मरणाला लांब ढकलतोय. मी म्हणायचो, गाडीची वेळ वरच्या ऑफिसातून ठरते, कुठलं ऑफिस ते मला विचारू नका, कंट्रोलरच्या हातात फक्त शिट्टी असते. गाडी सुटेपर्यंत प्रवाशाला धड उभं राहता यावं, एवढंच आपण बघायचं. "मंग येता कशाला रोज?" तुम्ही चिडायचात. "लोळा की घरी." मी म्हणायचो, तुमच्या किटलीला सोबत म्हणून येतो. तेवढ्यात पूल यायचा आणि उठाबशांमध्ये भांडायला दम उरायचा नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशीही सकाळी आपण चाललो होतो. मोटारसायकलवाला थांबला तर तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात, "तू हो म्होरं. आज पायीच." मी चिडवलं तुम्हाला, की अखेर नको म्हणायला शिकलात. दुपारी तुम्ही गोठ्यातून चालत आलात, ओट्यावर बसलात, सूनबाईकडे पाणी मागितलंत, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत गाडी सुटली होती. भांडणात मी जिंकलो म्हणायचं. पण असं जिंकून मी काय करू, तात्या? नर्सबाई आणि मी धावत आलो. त्या तुमची नाडी बघत होत्या आणि मी वेड्यासारखा तुमच्या पायांकडे बघत होतो. सगळी बोटं जागच्या जागी. अंगठ्यावर जुना वण. गोठ्यापासून ओट्यापर्यंत ओल्या मातीत तुमची पावलं उमटली होती. दिसत सगळं होतं, कळत काही नव्हतं.

ते कळलं घाटावर. कावळा पिंडाला शिवेना. समोरच्या बाभळीवर तीन-चार बसलेले, पण खाली कुणी उतरेना. राजेंद्र म्हणाला, "तात्या, गाया इकत न्हाय. तुमच्यावानीच संभाळतो." सूनबाई म्हणाली, पोरीला शिकवू, पाहिजे तेवढं शिकवू. अक्का म्हणाल्या, "खा रं माझ्या वाघा जिलबी, आता कोन तुला न्हाय म्हनत न्हाय." ऊन चढलं. तुमचा तो भावकीतला म्हणाला, "जित्तेपनी खाल्ली न्हाय, आता कुठली खातोय." दोघेचौघे हसले. राजेंद्र माझ्याकडे आला. त्याचे डोळे सुजले होते.

"काका, तुमाला म्हाईत आसंल. तात्यांचं काय राह्यलंय?"

कावळ्यावर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदनाला वंदना घेतात, कावळ्याची वाट बघत नाहीत. यावरूनही पुलावर आपलं एकदा चांगलं वाजलं होतं. पण बाप गेलेलं पोर समोर उभं असताना आपलं पथ्य धरून बसायचं नसतं. हे मला वरकुट्याला तुम्हीच दाखवलं होतंत.

मी पुढे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पत्रावळीकडे बघताना मला तुमचे पाय आठवले, आणि मग एस.टी.तलं ते वाक्य. मला माझ्या पायानं जायचंय. इतकी वर्षं मी ते फाट्यावरून घरी जाण्याचं समजत होतो. तुम्ही कुठे जाण्याचं म्हणत होतात, ते आत्ता कळत होतं. आणि तुम्ही अगदी तसंच करून दाखवलं होतंत. मी त्या भावकीतल्या माणसाकडे वळलो.

"काय मिळालं, आसं इचारत हुता न्हवं? पाय मिळालं त्यास्नी. बोट कापायचं म्हनत हुतं डाक्टर. मानूस सोताच्या पायानं वट्यावर आला आन सोताच्या पायानं गेला. आन मला दोस्त मिळाला." मग मी खाली त्या भाताकडे बघितलं आणि म्हणालो, "तात्या, उद्या सकाळी मी चालाया जातो. तुमची किटली घिऊन जातो."

बाभळीवरून एक कावळा उतरला. दोन उड्या मारल्या, पिंडाला चोच लावली आणि जाता जाता जिलेबीचा तुकडा तोडून घेऊन गेला.

"बघा, म्हनलं नव्हतं मी?" अक्का रडता रडता हसल्या. "जिलबीच पायजे हुती त्याला." राजेंद्र माझ्याकडे बघत होता. कावळ्याला पाक दिसला असेल. पण ते तुम्ही असाल, तर एवढी एक जिलेबी चालती, तात्या.

आज सकाळी बूट खाटेखालून काढले. नर्सबाईंनी दाराची कडी काढून दिली आणि मी वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. किटली राजेंद्रने कालच आणून दिली होती, सूनबाईने घासून लख्ख केलेली. पाय जड झाले होते. इतक्या थोड्या दिवसांत माणूस किती गंजतो! कालव्याला पाणी सुटलं आहे. उसाच्या पाल्यावर दव होतं. तुमच्या बाजूची कडेची वाट मी रिकामी ठेवून चालत होतो, हे बरंच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मागून मोटारसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली. नेहमीचाच.

"बसा काका, सोडतो. कुठं निघाला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम कायम तुमचं.

"चालाया चाललोय," मी म्हणालो.

त्याने गाडी बंद केली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"मंग ही किटली?"

"ती तात्यांची. तात्या डेअरीला निघाल्यात."

त्याने गाडी तशीच ढकलत थोडी पुढे नेली आणि मग चालू करून तो गेला. किटलीची कडी वाजत होती. डेअरी उलट्या बाजूला होती. आपण पुलाकडे निघालो.